मुक्या वेदनेचे मोजमाप

(पशुवैद्यक व अर्थशास्त्राच्या आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने जनावरांच्या वेदनेवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटत असेल. या विषयाकडे मी कसा वळलो, हे सांगण्यासाठी प्रथम एक जुनी आठवण सांगतो.

माझे बालपण मराठवाड्यातील एका कोरडवाहू गावात गेले. घरी एकच बैलजोडी होती. एका वर्षी ऐन पेरणीच्या तोंडावर एका बैलाला खांदेसूज झाली. वडील रोज सकाळी गोठ्यात जाऊन त्याच्या खांद्यावर अंगठा ठेवीत आणि हळूहळू दाबत. बैलाने अंग चोरले की ते काही न बोलता बाहेर येत. चौथ्या दिवशी अंगठा दाबल्यावर बैल जरासाच हलला. जमिनीचा वाफसा निघून चालला होता. ‘चालतोय म्हणजे बरा आहे,’ असे म्हणून वडिलांनी त्याला जुवाखाली घेतले. बैल दिवसभर चालला. संध्याकाळी जू काढले, तेव्हा त्याचा खांदा फुटलेला होता.

वडील निर्दय नव्हते. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच खांद्यांना हळद आणि लोणी लावून ते मोठ्या मायेने शेकीत असत. त्यांच्यापुढे दोन हिशेब होते. पेरणी हुकल्यास होणारे नुकसान त्यांना पायलीत सांगता येत होते. बैलाच्या वेदनेचा हिशेब मात्र अंगठ्यावर अवलंबून होता आणि अंगठ्याला मापाच्या खुणा नसतात. ज्या हिशेबाला आकडा होता, तो जिंकला. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. मुक्या प्राण्याच्या वेदनेला आकडा देता येतो काय, तो कसा देतात आणि त्या आकड्याचा अर्थ कोठवर घ्यावा, याचा आपण विचार करू.

संकल्पनांची स्पष्टता

परीक्षेच्या दृष्टीने दोन संकल्पनांतील भेद प्रथम ध्यानात घ्यावा. ऊतीला इजा करणारा किंवा इजेची शक्यता निर्माण करणारा दाब, उष्णता अथवा रसायन मज्जातंतूंनी टिपणे आणि तो संदेश मेंदूकडे नेणे, या क्रियेला क्षतिसंवेदन म्हणता येईल. वेदना हा त्यापुढील, जाणिवेच्या पातळीवरील अप्रिय अनुभव होय. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने १९७९ मध्ये वेदनेची व्याख्या प्रसिद्ध केली आणि २०२० मध्ये तिच्यात सुधारणा केली. शब्दांत सांगता येत नाही म्हणून वेदना नाही असे ठरत नाही, हे सुधारित व्याख्येसोबतच्या टिपेत स्पष्ट केलेले असून, मनुष्याबरोबर मनुष्येतर प्राण्यांचाही त्यात उल्लेख आहे.

दुसरी संकल्पना उंबरठ्याची. दाब हळूहळू वाढवीत नेला असता ज्या बिंदूला प्राणी पाय मागे घेतो, अंग चोरतो किंवा वळून पाहतो, तो त्याचा यांत्रिक क्षतिसंवेदनाचा उंबरठा होय. दाह किंवा जखम असल्यास हा उंबरठा खाली येतो, म्हणजे एरवी जेवढा दाब सहज सोसला असता त्याहून कमी दाबालाच प्राणी प्रतिसाद देतो. वेदनादायक उद्दीपनाने अधिक वेदना होणे ही अतिवेदनशीलता. एरवी वेदना न देणाऱ्या साध्या स्पर्शानेही वेदना होणे, ही त्याच मार्गावरची आणखी एक अवस्था आहे. उंबरठा जितका खाली, तितकी संवेदनशीलता अधिक, हे व्यस्त नाते विद्यार्थी अनेकदा उलटे लिहितात.

केसापासून यंत्रापर्यंत

दाबाने संवेदना मोजण्याच्या शास्त्राचा आरंभ एका केसापासून झाला. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ मॅक्स फॉन फ्रे यांनी १८९६ च्या सुमारास निरनिराळ्या जाडीचे केस काडीला जोडून त्वचेवर टेकविण्याची पद्धत रूढ केली. केस त्वचेवर दाबला की एका ठरावीक बलाला तो वाकतो. त्यानंतर हात आणखी पुढे रेटला तरी त्वचेवरील बल फारसे वाढत नाही. त्यामुळे मापन करणाऱ्याच्या हाताचा जोर मोजमापात शिरत नाही. पुढे केसांची जागा नायलॉनच्या तंतूंनी घेतली. पण नाव ‘फॉन फ्रे तंतू’ असेच राहिले.

१९५७ मध्ये रँडल आणि सेलिटो या संशोधकांनी वेदनाशामक औषधांच्या चाचणीसाठी वेगळी रीत मांडली. उंदराच्या मागच्या पंजात यीस्टच्या साहाय्याने दाह निर्माण करून त्यावर बोथट टोकाने वाढता दाब द्यायचा आणि प्राणी कोणत्या दाबाला प्रतिसाद देतो ते नोंदवायचे. सुजलेल्या पंजाचा उंबरठा खाली आलेला असतो. औषध दिल्यावर तो वर गेला, तर औषधाचा गुण दिसला. सुजलेला आणि निरोगी पंजा यांची तुलना करता येणे, हे या पद्धतीचे बलस्थान होते.

१९९४ मध्ये चॅपलान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉन फ्रे तंतूंसाठी ‘वर-खाली’ पद्धत वापरली. प्रतिसाद आला की पुढचा तंतू अधिक हलका घ्यायचा, न आल्यास अधिक जड घ्यायचा. अशा रीतीने निम्म्या वेळा प्रतिसाद देणारे बल थोड्या स्पर्शांत काढता येते. बाजारात गिऱ्हाईक आणि विक्रेता भाव वर-खाली करीत एका आकड्याजवळ येतात, तसाच हा प्रकार आहे. प्राण्याला कमीत कमी वेळा त्रास द्यावा लागतो, हा त्याचा लाभ.

गाय, घोडा, मेंढी अशा मोठ्या जनावरांसाठी हातात धरावयाचे दाबमापक किंवा पायाला बांधावयाचे साधन वापरतात. दुसऱ्या प्रकारात पायाच्या पुढच्या भागावर एक बोथट खिळा हवेच्या दाबाने हळूहळू पुढे सरकतो. जनावराने पाय उचलला की दाब तत्क्षणी सोडतात आणि आकडा नोंदवितात.

येथे एका साध्या गणिताकडे लक्ष वेधतो. बल न्यूटनमध्ये मोजतात. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. पाच न्यूटन बल एक चौरस सेंटिमीटर टोकावर दिले, तर दाब ५० किलोपास्कल होतो. तेच बल एक चौरस मिलिमीटर टोकावर दिले, तर दाब ५,००० किलोपास्कल, म्हणजे शंभरपट होतो. म्हणून टोकाचा आकार न सांगता दिलेला उंबरठ्याचा आकडा निरुपयोगी ठरतो. एका अभ्यासातील आकडा दुसऱ्यातील आकड्याशी थेट ताडून पाहू नये, त्यामागे हेही एक कारण आहे.

मापनाची शिस्त

यंत्र असले म्हणजे मापन शास्त्रीय झाले असे होत नाही. दाब वाढविण्याचा वेग ठरलेला असावा लागतो. इजा होऊ नये म्हणून दाबाची कमाल मर्यादा आधीच निश्चित करावी लागते. जनावराला जागेची, माणसांची आणि साधनाची सवय होऊ द्यावी लागते. मापन घेणाऱ्याला कोणत्या जनावराला औषध दिले आहे हे ठाऊक नसणे इष्ट, अन्यथा त्याच्या अपेक्षा नोंदीत उतरतात.

एवढे करूनही प्राण्याचा स्वभाव उरतोच. काही जनावरे साधन पाहूनच पाय उचलू लागतात, कारण पुढे काय होणार हे ती शिकलेली असतात. याउलट तीव्र भीती किंवा ताण असताना शरीर स्वतःच वेदना काही काळ दडपते आणि उंबरठा फसवा उंच दिसतो. शिवाय गाय, मेंढी यांसारखे प्राणी शिकाऱ्यांच्या भयाखाली उत्क्रांत झालेले आहेत. दुर्बलता उघड करणे त्यांना परवडणारे नसते, असे अभ्यासक मानतात. म्हणून एका आकड्यावर विसंबू नये. त्याच जनावराचा निरोगी पाय, त्याची आधीची नोंद, चाल, खाणे, रवंथ आणि चेहऱ्यावरील बदल यांच्या जोडीने तो वाचावा.

लंगडणाऱ्या गाईंनी काय शिकविले

या पद्धतीचे महत्त्व पटविणारे काम इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून केले. खूरसड झालेल्या मेंढ्यांचा यांत्रिक उंबरठा निरोगी मेंढ्यांपेक्षा खाली असतो, हे त्यांनी दाखविले. १९९० च्या दशकात हेलन व्हे आणि सहकाऱ्यांनी हीच पद्धत लंगडणाऱ्या दुभत्या गाईंवर वापरली. लंगडणाऱ्या गाईंचा उंबरठा खाली होता, हे अपेक्षितच होते. विचार करावयास लावणारी गोष्ट पुढे आढळली. खुरांवर उपचार केल्यानंतर २८ दिवसांनी पुन्हा मोजमाप केले, तेव्हाही अतिवेदनशीलता टिकून असल्याचे दिसले.

याचा अर्थ असा की दीर्घकाळ चाललेली वेदना मज्जासंस्थेची ठेवणच बदलते. मूळ जखम भरत आली तरी मज्जारज्जूतील संदेशवहन अधिक तीव्र राहते. हा निष्कर्ष मी वाचला, तेव्हा मला आमचा गोठा आठवला. ‘चालतोय म्हणजे बरा आहे’ हे वाक्य खेड्यातील एका शेतकऱ्याचे खरेच, परंतु जगभरातील पशुपालनाचे अर्थकारण त्याच वाक्यावर उभे आहे. जनावर चालू लागले, दूध देऊ लागले की ते बरे झाले असे गृहीत धरले जाते. दाबमापक सांगतो की उत्पादन पूर्ववत होणे आणि वेदना संपणे या दोन वेगळ्या घटना आहेत.

अर्थशास्त्राचा जुना प्रश्न

सुख आणि दुःख मोजता येते काय, हा अर्थशास्त्राचा जुना प्रश्न आहे. उपयुक्ततावादाचा प्रवर्तक जेरेमी बेंथॅम याने १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्राण्यांच्या बाबतीत बुद्धी किंवा वाणी ही कसोटी न मानता दुःख भोगण्याची क्षमता ही कसोटी मानली. १८८१ मध्ये एजवर्थ याने सुख मोजणाऱ्या एका काल्पनिक यंत्राची कल्पना मांडली. १९३२ मध्ये लायोनेल रॉबिन्स यांनी दोन व्यक्तींच्या समाधानाची तुलना करण्यास शास्त्रीय आधार नाही, असे प्रतिपादन केले. त्यानंतर अर्थशास्त्र मनातील सुखाचा शोध बाजूला ठेवून बाह्य निवडीकडे वळले. सॅम्युअल्सन यांचा १९३८ चा प्रकट पसंतीचा सिद्धांत त्याच वाटेवरचा आहे.

प्राण्यांच्या वेदनेचे अभ्यासकही याच वळणावरून गेले, असे म्हणता येईल. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात मांसल कोंबड्यांना दोन प्रकारचे खाद्य देण्यात आले. एकात कार्प्रोफेन हे वेदनाशामक मिसळलेले होते, दुसऱ्यात नव्हते. लंगड्या कोंबड्यांनी धडधाकट कोंबड्यांपेक्षा औषधयुक्त खाद्य अधिक खाल्ले आणि लंगडेपणा वाढत गेला तसे हे प्रमाणही वाढले. अर्थशास्त्रज्ञाच्या भाषेत ही मागणी आहे. पैसा आणि वाणी या दोन्हींवाचून व्यक्त झालेली.

दोन्ही पद्धतींची मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. दाबाला मिळालेला प्रतिसाद काही अंशी केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असू शकतो. उंबरठा कोठे आहे हे आकडा सांगतो. उंबरठ्यापलीकडे प्राणी काय भोगतो, ते सांगत नाही. म्हणून एका जातीच्या उंबरठ्याची दुसऱ्या जातीशी तुलना करून कोणाला अधिक दुःख होते, असा निष्कर्ष काढणे अशास्त्रीय होय. रॉबिन्स यांचा इशारा येथेही लागू पडतो.

भारताचा अनुभव : वेदनाशामक आणि गिधाडे

आपल्या देशात हा विषय केवळ प्रयोगशाळेचा नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ५३ कोटी ५७ लाख पशुधन होते. त्यात गोवंश १९ कोटींहून अधिक आणि म्हशी सुमारे ११ कोटी होत्या. एवढ्या जनावरांच्या ताप, सूज आणि वेदनेवर कोणते औषध द्यायचे, हा प्रश्न किती दूरवर पोहोचतो, हे डायक्लोफेनॅकने दाखवून दिले.

१९९० च्या दशकात हे औषध स्वस्त झाले आणि पशुपालकांनी ते आनंदाने स्वीकारले. आपले जनावर उठून उभे राहावे, ही त्यांची इच्छा योग्यच होती. परंतु औषध दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागली. कारणाचा हा दुवा २००४ मध्ये पाकिस्तानातील अभ्यासातून सिद्ध झाला. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या संख्येत सुमारे ९९.९ टक्के घट नोंदविली गेली. २००६ मध्ये डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांसाठी वापरल्या जात असल्याने २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलिलिटरपर्यंत मर्यादित करण्यात आला.

या हानीचा हिशेब अर्थशास्त्रज्ञांनी पुढे मांडला. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, गिधाडे नाहीशी झाल्याने २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख अतिरिक्त मानवी मृत्यू झाले असावेत. कुजणारी जनावरे, दूषित पाणी आणि भटक्या कुत्र्यांची वाढ ही त्यामागील संभाव्य साखळी होय. ‘बाह्य परिणाम’ या संकल्पनेचे याहून ठळक भारतीय उदाहरण शोधून सापडणार नाही. औषधाच्या किमतीत ही किंमत समाविष्ट नव्हती.

आता दाबमापकाकडे परत येऊ. लंगडणाऱ्या गाईंची अतिवेदनशीलता किटोप्रोफेनने कमी होते, असे ब्रिस्टलच्याच संशोधकांनी २००५ मध्ये दाखविले. गाईच्या बाजूने पाहिले तर औषध उत्तीर्ण झाले. नंतरच्या संशोधनात मात्र तेच औषध गिधाडांना घातक असल्याचे आढळले आणि भारताने २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. मेलोक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक आम्ल हे गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेले पर्याय आहेत.

यावरून धोरणाची दोन अंगे दिसतात. पहिले असे की एका प्राण्याच्या वेदनेचा आकडा कितीही अचूक असला तरी त्यावरून औषधाची सामाजिक किंमत कळत नाही. दुसरे अंग याहून अधिक दुर्लक्षित आहे. बंदीने औषध दुकानातून हटते, गोठ्यातील वेदना हटत नाही. सुरक्षित औषधाने जनावराला खरोखर आराम पडतो, हे पशुपालकाला पटले नाही, तर तो जुन्या औषधाची चोरवाट शोधील. ही खात्री देण्याचे एक साधन म्हणजे आपल्या हवामानात, आपल्या देशी गाई-म्हशींवर आणि कामाच्या बैलांवर काटेकोरपणे घेतलेले उंबरठ्याचे मोजमाप. गिधाडांचे संरक्षण आणि गाईची वेदनामुक्ती हे परस्परविरोधी हेतू नाहीत. सुरक्षित आणि गुणकारी पर्यायात ते एकत्र येतात.

कायदा आणि मर्यादा

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा आहे. प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची तरतूद त्याच कायद्यात आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ५१-क मधील मूलभूत कर्तव्यांत सजीव सृष्टीविषयी करुणा बाळगण्याचा समावेश आहे. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली पर्याय, संख्येत घट आणि पद्धतीत सुधारणा ही त्रिसूत्री जगभर प्रयोगांची कसोटी मानली जाते.

ही कसोटी आपल्या विषयाला अधिकच कठोरपणे लावली पाहिजे, कारण वेदना मोजण्यासाठी येथे थोडी वेदना द्यावीच लागते. आधीच आजारी असलेल्या जनावराचे मोजमाप त्याच्या उपचारासाठी करणे आणि निरोगी जनावराला मोजमापासाठी आजारी करणे, यांत नैतिक अंतर आहे. पहिल्यातून जे ज्ञान मिळू शकते, त्यासाठी दुसरा मार्ग घेऊ नये, असे माझे मत आहे.

समारोप

मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या जिल्ह्याच्या पशुसंवर्धनाची, औषध नियंत्रणाची किंवा अर्थसंकल्पाची कागदपत्रे हाताळतील. त्या कागदांत दुधाचे लिटर असतील, लसींच्या मात्रा असतील, मृत जनावरांची संख्या असेल. जे जनावर मेले नाही, दूध देत राहिले आणि तरीही सोशीत राहिले, त्याच्यासाठी बहुधा रकाना नसेल. रकाना नाही म्हणजे खर्च नाही, असा समज करून घेणे ही अर्थशास्त्रातील जुनी चूक आहे. तिची किंमत कधी गिधाडांनी, कधी माणसांनी आणि नेहमीच जनावरांनी मोजली आहे.

माझ्या वडिलांना त्या सकाळी कोणी सांगितले असते की खांद्याचा उंबरठा अजून निम्म्यावरही आलेला नाही, तर त्यांनी बैल सोडला असता काय? मी खात्रीने सांगू शकत नाही. वाफसा थांबणार नव्हता आणि दुसरी जोडी भाड्याने आणण्याची ऐपत नव्हती. केवळ आकड्याने प्रश्न सुटला नसता. त्याच्या जोडीला गावात पशुवैद्यक, सुरक्षित औषध आणि चार दिवसांसाठी उसनी जोडी मिळण्याची सोय लागली असती. पण निदान दोन हिशेब एकाच वहीत मांडले गेले असते, आणि निवड करताना आपण काय खर्ची घालत आहोत हे त्यांना दिसले असते. मोजमापाचे काम एवढेच आहे. उरलेले काम आपले आहे.